जबाबदारी कुणाची?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कुठलंही कर्म घडायला लागणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्यात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. पुण्याच्या हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला असताना हा श्लोक वाचला आणि पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की या यादीत मॅनेजर नाही. शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "दैवात धर की त्याला."

वाईट बॉस म्हटलं की लोक रात्री अकराचे फोन आणि अप्रेझलला काढलेली खुन्नस सांगतात. ते सगळं आमच्याकडेही होतं. गावी जायला सुट्टी मागितली की साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, "टेंभुर्णीत अजून किती चुलते शिल्लक आहेत रे तुझे?" अपमान गिळता येतो, आमच्या पिढीला सवय आहे. न गिळता येणारी गोष्ट वेगळी होती. आम्ही ग्राहकांना पैसे परत देण्याचा हिशेब करणारा एक भाग लिहिला होता. सर्व्हर मध्येच अडखळला की एकाच माणसाला परतावा दोनदा जायचा आणि दुसऱ्याला जायचाच नाही. टेस्ट लाल दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी डेमो. साहेब मागे उभे राहून म्हणाले, "तेवढ्या 'पास' करून टाक, नंतर बघू. मी सांगतोय ना? जबाबदारी माझी."

'पास'वर क्लिक केलं की शेजारी तारीख, वेळ आणि क्लिक करणाऱ्याचं नाव उमटतं. सांगणाऱ्याचं नाव लिहायला त्या चौकटीत जागाच नसते.

माझ्या मते नोकरी सोडावी की नाही या प्रश्नाच्या पोटात हा खरा प्रश्न आहे, आणि तो धर्माचा आहे: एकाने केलेल्या कर्माची जबाबदारी दुसऱ्याला घेता येते का? घरी विचारलं तर उत्तर तयार असतं: खाल्ल्या मिठाला जागावं. पण मिठाला जागण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भीष्माचं आहे. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो तेव्हा भीष्म कबूल करतात, की कौरवांच्या धनाने मी बांधला गेलोय. न्याय कुठल्या बाजूला आहे हे त्यांना कळत होतं, तरी सेनापतिपद त्यांनी घेतलंच. महाभारतकाराने त्यांना माफ केलं की नाही, यावर मला अजून पक्कं सांगता येत नाही.

आजच्या कोर्टाने मात्र निकाल दिलाय. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. 2015 साली हे उघडकीला आलं. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ते होतं. त्यात हात असलेल्या जेम्स लियांग या इंजिनिअरला 2017 मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयाने 40 महिन्यांची कैद सुनावली. कंपनीचा निष्ठावान नोकर म्हणून वागला, हा बचाव पुरा पडला नाही.

आमच्या ऑफिसात आषाढीच्या सुमारास साहेब हमखास सावता माळ्यावर घसरायचे. कामातच देव बघा, पंढरीला जायची गरज नाही, म्हणजे सुट्टी टाकू नका. मला ते झोंबायचं, कारण सावतोबांचं गाव अरण आमच्या माढा तालुक्यातलं. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. आजही पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुरातून अरणला येते. पण साहेब एक गोष्ट गाळायचे. सावतोबांचं काम कसं झालंय हे पीक सांगत होतं. वाफ्यात पाणी पोचलं नसेल तर भाजी सुकणार. सुकलेल्या भाजीला हिरवी म्हणा, असं सांगणारा त्यांच्या डोक्यावर कुणी उभा नव्हता. काम हीच पूजा हे मला मान्य आहे. मग नैवेद्यात काय वाढायचं हे तिसऱ्याने का ठरवावं?

कँटीनमध्ये यावर पोरं म्हणायची, "आपण वेठबिगारच आहोत यार." हे बोलणं मला सहन व्हायचं नाही. वेठबिगारीच बघायची तर मंगळवेढ्याला जा. चोखोबा तिथे गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून 1338 मध्ये गेले. त्यांना राजीनामा द्यायची सोय नव्हती, जातीने ती ठेवलीच नव्हती. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड त्रासाचा असतो, पण तो संपतो.

त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत मला जास्त जवळचे वाटतात, कारण ते चक्क नोकरदार होते. बिदरच्या बादशहाचे अंमलदार, सरकारी कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या हातात. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांनी हुकूम नसताना धान्य वाटलं. विठू महार बनून देवाने दरबारात पैसे भरले, हा कथेचा चमत्कार सगळ्यांना पाठ असतो. चमत्कार बाजूला ठेवला तर उरतं ते एवढं: कोठार उघडताना पैसे कोण भरणार हे दामाजींना माहीत नव्हतं. त्यांनी जबाबदारी वर ढकलली नाही, स्वतःच्या मानेवर घेतली. आणि कीर्तनकार सांगतात त्या कथेत त्यांनी चाकरी सोडली ती यानंतर. आधी सोडली असती तर कोठाराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या असत्या. राजीनामा हा दरवेळी सगळ्यात धार्मिक मार्ग असतोच असं नाही.

मी मात्र सोडली. माझ्या हातात कोठार नव्हतं. टेंभुर्णीत घराच्या वरच्या खोलीत टेबल टाकलं, दोन इन्व्हर्टर घेतले, परदेशातलं एक काम आणि इथली बारीकसारीक कामं करतो. प्राप्तिकरात निम्मी जमा नफा धरून कर भरला की हिशेबाचा फार ताप नाही. हायवेवरून पुण्याला जाणाऱ्या शिवशाहीकडे बघून चुकल्यासारखं अजिबात वाटत नाही.

गेल्या हंगामात एका वजनकाट्याचे मालक आले. लांबचे पाहुणेच. उसाच्या काटामारीवरून आपल्याकडे आंदोलनं होतात, पण हा काटा खासगी. मका, डाळिंब, भंगार, जे येईल ते. काट्याखालच्या लोडसेलवरून इंडिकेटरला आकडा येतो, तिथून वायरीने कॉम्प्युटरला, आणि भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा होऊन पावती निघते. त्यांना नवं सॉफ्टवेअर हवं होतं. चहा झाल्यावर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "इंडिकेटरला हात लावायचा न्हाई. फक्त पावतीत, शंभराला एक किलो. आन् वजनमापवाले आले की बंद करायला एक बटन द्या."

फोक्सवॅगन टेंभुर्णीत आली होती.

मी नको म्हणालो. त्यांनी पाकीट टेबलावर तसंच ठेवलं. "तुम्ही नुसती सोय करून द्या. वापरायचं का न्हाई ते आम्ही बघू. जबाबदारी आमची." शब्दन् शब्द साहेबांचा. फरक एवढाच, की इथे मागे उभा राहून दम देणारा कुणी नव्हता, नकाराची किंमत थेट त्या महिन्याच्या जमेतून जाणार होती, आणि तो महिना आधीच कोरडा होता. स्वतंत्र धंद्यात मालक जातो ही समजूत आहे. जाते ती आड लपायची जागा. पुण्यात वाईट बॉसला सोडून कंपनी बदलता येते. इथे हा माणूस दर लग्नात पंगतीला शेजारी बसणार.

पाकीट परत दिलं. उठताना म्हणाले, "दुसरं कोणबी करून देईल." देईलही.

रात्री घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांना सांगितलं. त्यांनी धर्म, मीठ, काहीच काढलं नाही. एवढंच विचारलं, "कुठला काटा?" नाव घ्यावं की नको यावर मी थोडा घुटमळलो, मग घेतलं. आमची मक्याची ट्रॉली आता लांबच्या काट्यावर जाते. आण्णांनी भावकीतल्या आणखी दोघांना सांगितलं, त्यांच्याही तिकडेच जातात. ट्रॅक्टरवाला फेऱ्यामागे डिझेलचे जादा पैसे मागतो आणि आण्णा ते माझ्याकडून घेतात.