एक थेंब औषध आणि मनुष्याचा स्वभाव

मनुष्याच्या स्वभावाविषयीं आपण जितक्या तत्परतेनें निर्णय देतों, तितक्या तत्परतेनें दुसऱ्या कशाविषयींही देत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील केशोरीसारख्या गांवीं एखादा वृद्ध शेतकरी काचबिंदूसाठीं डोळ्यांत औषध घालूं लागला आणि कांहीं महिन्यांनीं घरच्यांशीं बोलेनासा झाला, असें समजा. कोणी त्यास तऱ्हेवाईक म्हणेल, कोणी वयाला दोष देईल. औषधाच्या बाटलीची शंका मात्र कोणासही येणार नाहीं.

वस्तुतः ती यावयास हवी. अमेरिकेंत १९७८ सालीं मान्यता पावलेलें टिमोलॉल डोळ्यांतील दाब कमी करतें. परंतु थेंबाचा कांहीं अंश अश्रुमार्गानें नाकांत उतरून, यकृतांतून न जातां, थेट रक्तांत मिसळतो. त्यामुळें नाडी मंदावते, दमेकऱ्यास श्वास कोंडतो, आणि कित्येकांस थकवा व खिन्नता आल्याचेंही नमूद आहे. ही खिन्नता औषधाची, कीं दृष्टि जाण्याच्या भयाची, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं.

मग अशा मनुष्याच्या वागण्यास जबाबदार कोण? शरीर व मन परस्परांस अनुसरतात, हें चरकसंहितेसही मान्य आहे. परंतु एवढ्यावरून मनुष्य केवळ रसायनांचें बाहुलें ठरत नाहीं. कारण ठाऊक नसतां तो आपल्या उदासीनतेस आपलाच दोष समजतो. कारण कळतांच तिच्याविषयीं बोलूं शकतो, उपाय मागूं शकतो. म्हणून ज्ञान हीच येथें जबाबदारीची पहिली अट होय, व तें देण्याचें कर्तव्य प्रथम डॉक्टरांचें.

यावर आक्षेप असा कीं, हें सांगितल्यास रोगी भिऊन औषधच सोडील, आणि काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. आक्षेप खरा आहे. पण तो मौनाचें समर्थन करीत नाहीं. दृष्टि वांचविण्यासाठीं रोग्यास अंधारांत ठेवणें न्याय्य कसें ठरेल? औषध आपल्या मनानें बंद करूं नये, मन उदास झाल्यास येऊन सांगावें, दुसरीं औषधें आहेत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटें दाबल्यास रक्तांत कमी औषध जातें: एवढें सांगावयास फार वेळ लागत नाहीं. जिल्ह्याचें ठिकाण दूर असलेल्या गांवीं तर न सांगितलेली गोष्ट पुढच्या खेपेपर्यंत तशीच राहते.

आणि घरच्यांनीं? म्हाताऱ्याच्या स्वभावाचा निवाडा करण्यापूर्वीं, त्यास कोणतें औषध चालू आहे, एवढें तरी विचारावें.