पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणे

मनमाड हे मोठे जंक्शन आहे. मुंबई-भुसावळच्या मार्गाला येथे दोन फाटे फुटतात. एक दौंडकडे जातो, दुसरा नांदेडवरून सिकंदराबादेकडे. येथे चुकीच्या गाडीत बसलेला उतारू चूक ध्यानी येताच रडू लागला, तर लोक त्याची कीव करितील. पण रडण्याने गाडीची दिशा बदलत नाही. त्याने पुढल्या स्टेशनावर उतरून मागे फिरले पाहिजे. आत्म्याचेही असेच आहे.

आपल्या भाषेतील ‘पश्चात्ताप’ हा शब्द मागाहून होणारा ताप दाखवितो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याचा अर्थ मन पालटणे असा आहे. ताप पुष्कळांस होतो; मन थोड्यांचे पालटते. एखाद्याने भावाचा बांध कोरून हातभर जमीन बळकाविली, आणि रविवारी उपासनेत डोळे पुसले; पण सोमवारी बांध जेथल्या तेथेच राहिला, तर त्या आसवांस काय म्हणावे? जक्कयाने प्रभूला घरी घेतले, तेव्हा अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. त्याने पैशाने तारण विकत घेतले नाही; तारण घरी आले म्हणून पैसा हातातून सुटला.

परंतु ज्याचे नुकसान केले तो मरून गेला असेल, अथवा फेडावयास जवळ काहीच उरले नसेल, तर अशा मनुष्यास आशा नाही काय? यहूदाने तर तीस रुप्याची नाणी परत केली. पण तो स्वतः प्रभूकडे परत आला नाही, निराशेत बुडाला. पेत्राला आपले नाकारण्याचे शब्द परत घेता येईनात. तरी तो प्रभूजवळ आला, आणि मेंढरे चारण्याचे काम त्यास मिळाले. वधस्तंभावरील चोराजवळ ना पैसा होता, ना दिवस. तो रित्या हातांनीच वळला, व त्याचा स्वीकार झाला. म्हणून आम्ही म्हणतो, जे फेडता येते ते फेडावयास जो तयार नाही त्याचा पश्चात्ताप खरा नव्हे. आणि जे फेडता येत नाही त्यासाठी ख्रिस्ताचा वधस्तंभ आहे.

मन पालटावयास वेळही लागतो. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांस १८९३ साली आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. ते घर पुन्हा एक व्हावयास वर्षे लागली. १९०० साली लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. तेव्हा आपण वळलो, तरी घरच्यांचा व शेजाऱ्यांचा विश्वास बसेपर्यंत धीर धरावा.

उपदेशक बंधूंनो, मंडळीकडे केवळ आसवे मागू नका. कोणाचा बांध सरळ करावयाचा आहे, कोणाशी बोलणे तुटले आहे, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे, असे सांगा. आणि हेही सांगा की, गाडी कितीही दूर गेली असली तरी उतरावयास स्टेशन आहे. परतीचे तिकीट आपल्या प्रभूने स्वतःचे मोल देऊन काढून ठेविले आहे.