सारथ्य: दान की सेवा?

स्वतःची गाडी, स्वतःचे डिझेल आणि स्वतःची झोप खर्चून दुसऱ्याला भाडे न घेता पोचवणे, या कामाला गावाकडे वेगळे नाव नाही. रात्री दार वाजते, ‘भाऊ, गाडी काढता का जरा?’ असे कोणी विचारते आणि गाडी निघते. सिरसाळा हे बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातले, परळी–बीड रस्त्यावरचे गाव. दुखणे हाताबाहेर गेले की इथल्या माणसाची धाव परळीला, आणि तिथेही भागले नाही तर अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. हे महाविद्यालय 1974 साली सुरू झाले. परळीपासून अंबाजोगाई पुढे आणखी पंचवीसेक किलोमीटर.

सरकारी गाड्या आहेत. 108 ची सेवा राज्यात 2014 साली सुरू झाली आणि 937 रुग्णवाहिकांचा ताफा घेऊन उभी राहिली. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी 102 आहे. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला घरी आणून सोडण्याचीही तरतूद आहे. मात्र 108 चे काम तातडीच्या रुग्णाला दवाखान्यात पोचवण्याचे. टाके घालून झालेल्या माणसाला रात्री दोन वाजता घरी आणणे त्यात बसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा, मोतीबिंदू काढलेली म्हातारी, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचे असलेला पेन्शनर, यांच्यासाठी कुठलाच नंबर नाही. त्यातच दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. घरी म्हातारी माणसे आणि नातवंडे उरतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतेपर्यंत अडीनडीला शेजाऱ्याची गाडी हाच आधार असतो.

अशा कामाला पुण्य म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दानाचे पुण्य असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या कसोट्या दिल्या आहेत: योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस, आणि त्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नसणे. मध्यरात्री सर्पदंशाच्या रुग्णाला घेऊन निघालेली जीप या कसोट्यांना सहज उतरते. तरीही हे काम दानाच्या साच्यात नीट बसत नाही. दानात वस्तू दात्याच्या हातून कायमची सुटते. पायलीभर ज्वारी दिली की ती घेणाऱ्याची झाली. गाडी तर सकाळी मालकाच्या दारात परत उभी असते. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. गाडी चालवणारा मात्र, गाडी त्याची असली तरी, बसणाऱ्याच्या सांगण्यावरून वळतो, थांबतो, ताटकळतो. देणारा इथे चाकराच्या जागी बसतो. म्हणून या सारथ्याचा विचार दानापेक्षा सेवेच्या अंगाने करणे जास्त योग्य, आणि त्याच्या साऱ्या नैतिक अडचणी या एका गोष्टीतून निघतात: देणाऱ्याला ती खालची जागा खरोखर पत्करता येते का?

इतर धर्मपरंपरांतही वाहून नेण्याची सेवा आली आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टान्तात यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक माणूस लुटारूंच्या मारहाणीने अर्धमेला होऊन पडतो. याजक आणि लेवी त्याला पाहून निघून जातात. यहुदी ज्यांना तुच्छ लेखत, त्या शोमरोनी जमातीचा वाटसरू मात्र त्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेत नेऊन पुढच्या खर्चाचे पैसेही देतो. ज्या अर्थी जनावर एकच होते, त्या अर्थी वाचवणारा स्वतः पायी चालला असणार. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत पैगंबरांचे असे सांगणे आले आहे की, एखाद्याला जनावरावर चढायला हात देणे किंवा त्याचे ओझे वर ठेवून देणे हाही सदका आहे. सदक्याची व्याख्या इथे पैशापलीकडे जाते, आणि नेमकी वाहनापाशी येते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मराठवाड्याची स्वतःची कथा पैठणची आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात आईपासून चुकलेले अस्पृश्याचे पोर एकनाथांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले, असे परंपरा सांगते. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतल्याची कथा जास्त सांगितली जाते, कारण तिच्यात त्याग डोळ्यांत भरतो. पोराच्या कथेत त्याग फारसा नाही. तिच्यात विटाळ मानणाऱ्या समाजात एका ब्राह्मणाने महारवाड्यापर्यंत चालत जाणे आहे. आपल्या सोयीची सावली गाठून तिथे पोराला ठेवले असते तरी जीव वाचला असता.

सारथ्याची सर्वांत सखोल चर्चा महाभारतात आहे, आणि तीही दोन सारथ्यांच्या तुलनेतून. उद्योगपर्वात दुर्योधन नारायणी सेना मागून घेतो आणि अर्जुन निःशस्त्र कृष्ण. द्वारकेचा हा स्वामी भर युद्धात रथाच्या पुढच्या जागी बसतो. गीतेत उपदेश सुरू होण्याआधी एक आज्ञा आहे, आणि ती अर्जुनाची आहे: रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने. कृष्ण काही न विचारता नेतो. पुढे द्रोणपर्वात, जयद्रथाचा पाठलाग चालू असताना, घोडे बाणांनी जखमी होऊन थकतात. अर्जुन बाणाने जमिनीतून पाणी काढतो आणि कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो आणि पुन्हा जुंपतो. ईश्वराने केलेले हे मोतद्दाराचे काम महाभारत सविस्तर सांगते. भीष्मपर्वात मात्र तो दोनदा रथातून उडी टाकून भीष्मांवर धावून जातो आणि अर्जुन त्याचे पाय धरून त्याला मागे आणतो. सारथ्याने रथीचे युद्ध स्वतः लढू नये, याची सारथ्याला रथीने आठवण करून द्यावी लागते.

दुसरा सारथी शल्य. मद्र देशाचा हा राजा घोड्यांच्या विद्येत कृष्णाच्या तोडीचा मानला जाई. सूतपुत्र कर्णाचा रथ हाकणे त्याला अपमानास्पद वाटले. दुर्योधनाने मनधरणी केल्यावर तो तयार झाला, पण कर्णाला वाटेल ते बोलण्याची मुभा असावी या अटीवर. युधिष्ठिराला त्याने आधीच शब्द दिला होता की, कर्णाचा तेजोभंग करीन. तो रथ उत्तम हाकतो आणि वाटभर टोचून बोलतो. मोबदला दोघा सारथ्यांपैकी कोणीच घेत नाही, हातही दोघांचे सारखेच सराईत आहेत. फरक एवढाच की शल्याने चाकराची जागा घेतली, पण तिथे तो राजाच राहिला.

शल्याची अट अजून संपलेली नाही. फुकट नेणारा माणूस वाटेत पेशंटच्या मुलाला दारूवरून, हुंडा देऊन केलेल्या कर्जावरून, आधीच डॉक्टरकडे का गेला नाहीत यावरून सुनावतो. भाड्याच्या गाडीत हेच ऐकवले तर प्रवासी उलट बोलेल. फुकटच्या गाडीत त्याला मान डोलवावी लागते. कोणत्या दवाखान्यात जायचे हे चालवणाऱ्याने परस्पर ठरवणे हा त्याचाच पुढचा प्रकार. त्याचा हेतू चांगला असू शकतो, कारण रस्ते आणि डॉक्टर त्याला जास्त माहीत असतात. त्याने माहिती जरूर द्यावी. पण ‘सरकारीतच न्या’ असे म्हणणाऱ्याला खाजगीच्या दारात उतरवले, तर पुढे येणारे बिल त्या माणसाला भरायचे असते.

एवढ्याने नम्रता पुरेशी आहे असे वाटेल, तर चाळीसगावची 1929 सालची घटना त्याच्या आड येते. डॉ. आंबेडकर तेव्हा मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीवर न्यायला आलेल्या महार मंडळींनी त्यांना स्टेशनवर बराच वेळ थांबवून ठेवले, मग टांगा आणला. टांगा निघाला आणि थोड्याच अंतरावर एका मोटारीखाली जाता जाता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला अडकले, आंबेडकर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. उलगडा नंतर झाला: टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. एकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकणार नाही म्हणाला. पाहुणा पायी येणे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून कधीही टांगा न हाकलेल्या एकाने लगाम हाती घेतला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आंबेडकरांनी हा प्रसंग सांगितला आहे आणि यजमानांनी पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या जिवाचा विचार केला नाही, हेही नोंदवले आहे. त्याच पुस्तकात 1901 सालच्या प्रवासाची हकिकत आहे. मसूर स्टेशनवर लहान भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे यांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे देऊन. शिवाय गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवाला शेजारून पायी चालणार, या बोलीवर.

चाळीसगावच्या त्या हाकणाऱ्याच्या हेतूत काडीची खोट नव्हती. निष्काम कर्माच्या कोणत्याही कसोटीवर तो पूर्ण उतरतो. आणि तरी त्याने पाहुण्याचा जीव धोक्यात घातला. अन्नदान करणाऱ्याला स्वयंपाक थोडा कमी जमला तर भाजी आळणी होते. सारथ्यात कौशल्य ही हेतूला जोडलेली वेगळी बाब राहत नाही. ते कर्तव्याचाच भाग होते. ज्याचे डोळे मिटू लागले आहेत, ज्याच्या टायरची नक्षी झिजली आहे, ज्याचा विमा संपला आहे, त्याने ‘आज जमणार नाही’ म्हणणे हाही या सेवेतला धर्म आहे. शब्द मोडवत नाही म्हणून निघणारे बरेच असतात. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असताना हा मोह स्वस्त पडत नाही.

टांगेवाल्यांच्या बाजूनेही या घटनेकडे पाहिले पाहिजे. टांगा द्यायला त्यातला एक तयार होता, भाडे घ्यायलाही. अडले ते फक्त हाकण्यावर. वस्तू देण्याने प्रतिष्ठा जात नव्हती, पुढे बसून चाकरी करण्याने जात होती. शल्याच्या नकाराचे कारणही तेच होते. एक राजा, दुसरा रोजगारी; दोघांनाही हाकणे म्हणजे खाली उतरणे आहे हे अचूक कळले होते.

डिझेलच्या पैशांचा प्रश्न यानंतर येतो. कायद्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. प्रवासी वाहतुकीला 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे परवाना लागतो, आणि भाडे घेतले असे ठरले तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. धर्माचे उत्तर इतके सरळ नाही. ‘डिझेलपुरते तरी घ्या’ असे म्हणणारा माणूस हिशेब चुकवत नसतो, तो आपली मान ताठ ठेवत असतो. त्याला ठाम नकार देणारा स्वतःचे पुण्य राखतो आणि समोरच्याच्या डोक्यावर न फिटणारे उपकार ठेवतो. शेतीत यावर जुनी तोड आहे. सावडीत आज याच्या शेतात, उद्या त्याच्या; इर्जिकेत बैल घेऊन आलेल्यांना घरधन्याने पोटभर जेवू घालायचे. गाडगे महाराज भाकरी घेण्याआधी त्या घरचे काही काम करीत. फुकट घेणे त्यांना मान्य नव्हते, आणि घेणाऱ्याचा मान त्यांनी स्वतः घेणारे होऊन शिकवला. रुग्णाच्या घरून पुढे कधी आलेली भाजीची पाटी किंवा हुरड्याचे बोलावणे घ्यावे. नगद नाकारून एवढे घेणारा चालक सेवा कमी करत नाही.

फुकट प्रवास भ्रष्टही होऊ शकतो, हे भारतीय कायद्याने एका ठिकाणी सरळ लिहून ठेवले आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मधील पाचव्या पोटकलमानुसार उमेदवाराने मतदारांना मतदान केंद्रावर फुकट ने-आण करण्यासाठी वाहन मिळवणे हे भ्रष्ट आचरण आहे. म्हातारीला मतदानाला नेणे आणि दवाखान्यात नेणे यात गाडी, रस्ता, चालक, सगळे तेच. बदलते ते इतकेच की पहिल्या फेरीत चालकालाही त्या प्रवासातून काही हवे असते. काचेवर फोटो चिकटवलेली ‘मोफत रुग्णवाहिका’ कायद्याने दोषी नाही. पण बसणाऱ्याला तो फोटो सबंध वाटभर पाहावा लागतो, आणि पुढे कधी त्याच फोटोला मत द्यावे लागेल की काय, हा विचार त्याच्या मनातून जात नाही. एकनाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरणारा श्रीखंड्या प्रत्यक्ष विठ्ठल होता, आणि घरच्यांना ते तो गेल्यावर कळले, अशी वारकरी परंपरेची कथा आहे. गावात गाडी कोणाची हे लपत नाही. ती गाडी कोणासाठी धावली हे मात्र चालकाने न बोलता ठेवता येते, आणि आजाराच्या बाबतीत तेवढी गुप्तता लोकांना फार मोलाची वाटते.

कोणाला गाडीत घ्यावे, हा पात्रतेचा प्रश्न गावच्या गटबाजीत हमखास उभा राहतो. अपघातग्रस्ताला नेले तर पोलीस चौकशी मागे लागेल, ही भीती वर्षानुवर्षे होती. सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निर्णय आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ यांनी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याने आपले नाव सांगायचे की नाही हेही त्याच्या मर्जीवर सोडले. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा मदतगाराला त्या दृष्टान्तातल्या शोमरोन्याचेच नाव आहे. राहिली ती भाऊबंदकीची आडकाठी, आणि तिच्यावर कलम नाही. गाढवाला पाणी पाजताना एकनाथांनी पात्रता तपासली नाही. गीतेच्या ‘योग्य माणूस’ या कसोटीचा अर्थ संतांच्या आचरणात ‘ज्याला आत्ता गरज आहे तो’ एवढाच उरतो.

शेवटची फेरी मृताची असते. अंबाजोगाईहून मयत घरी आणायला गाडी देताना काही मालक विटाळाच्या भयाने कचरतात. धर्मशास्त्राचे म्हणणे मात्र वेगळे आहे. पराशरस्मृतीप्रमाणे अनाथ ब्राह्मणाचे प्रेत वाहून नेणाऱ्याला पावलोपावली यज्ञाचे फळ मिळते आणि तो लगेच शुद्ध होतो. त्या वचनाने हे पुण्य ब्राह्मणाच्या प्रेतापुरते आणि द्विजांपुरते राखून ठेवले, ही त्याची मर्यादा. ती मर्यादा गळून पडली तर उरणारे तत्त्व सिरसाळ्याच्या जीपवाल्याला पुरेसे आहे: मयत आणल्याने गाडी बाटत नाही.