ब्रोमाइडचा कागद : गेलेला आणि परतू पाहणारा

२००५च्या जूनमध्ये कोडॅकने जाहीर केलं, की कृष्णधवल छायाचित्रांचा कागद त्या वर्षाअखेरीपासून बनणार नाही. शंभराहून अधिक वर्षं चाललेलं काम ब्राझीलमधल्या कारखान्यात थांबलं. जर्मनीतल्या आग्फाफोटोने त्याच्या काही आठवडे आधीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. इंग्लंडमधली इलफर्ड २००४मध्येच अडचणीत आली होती आणि हंगेरीतला फोर्तेचा कारखाना २००७मध्ये बंद पडला. तीनेक वर्षांत डार्करूममधली कागदाची फळी ओस पडत गेली.

डिजिटल आलं म्हणून कागद गेला, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबलं, तर नेमकं काय गेलं ते कळत नाही.

हा कागद म्हणजे नुसता पांढरा पृष्ठभाग नव्हे. जाड कागदावर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर असतो, त्याला बरायटा म्हणतात. त्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचं इमल्शन चढवलेलं असतं. क्षार ब्रोमाइडचे असले तर काळा रंग थंड, कोरा येतो. त्यात क्लोराइड मिसळलं की तो उबदार, तपकिरीकडे झुकतो. ट्रेमध्ये ओल्या प्रिंटवर लखलखणारा ढग वाळल्यावर किंचित मळतो, म्हणून मुरलेला माणूस एन्लार्जरचा प्रकाश ठरल्यापेक्षा थोडा कमी वेळ देतो. थोडा म्हणजे किती, हे कागदागणिक बदलतं. वर्षानुवर्षं एकाच कागदावर काम केलेल्या हातांना ते पाठ असतं. कंपनीने कागद बंद केला की त्या हातांचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

अँसेल अ‍ॅडम्स यांनी १९४१मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एका निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक दशकं प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट आहे, ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळंभोर होत गेलं. मधल्या काळात त्यांची आवड बदलली, हात बदलला आणि बाजारातले कागदही बदलले. छायाचित्र निगेटिव्हमध्ये पूर्ण होत नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधायची गरज नाही.

मग कागद पुन्हा का बनवता येऊ नये? कृती तर कंपनीच्या दप्तरात असतेच. पण कृती असणं पुरेसं नसतं. १९२०च्या दशकात कोडॅकचे रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड एक कोडं सोडवत होते : एका खेपेच्या जिलेटिनने इमल्शन संवेदनशील होतं, दुसऱ्या खेपेने का होत नाही? उत्तर गंधकाच्या संयुगांच्या सूक्ष्म अंशात निघालं. मोहरीत असतं तशा द्रव्याचा हा अंश जिलेटिनमध्ये जनावरांच्या खाण्यातून उतरत असावा, असं तेव्हा मानलं गेलं. जिथे गायीने कुरणात काय खाल्लं यावर माल ठरतो असा धंदा, तिथे कागदावर लिहिलेल्या कृतीच्या पलीकडे बरंच काही कामगारांच्या डोळ्यांत आणि नाकात साठलेलं असतं. कारखाना विकला गेला, माणसं पांगली, की ते कोणाच्याच दप्तरात सापडत नाही.

दुसरी अडचण यंत्रांची. लेप चढवणारी मोठी यंत्रं किलोमीटरच्या हिशोबाने कागद ओढण्यासाठी बांधलेली. मागणी दहा पटींनी घसरली म्हणून असं यंत्र दहा पटींनी लहान होत नाही. त्यामुळे परतीची वाट सापडली ती थोडक्यात भागवू शकणाऱ्यांना. बर्लिनजवळच्या अ‍ॅडॉक्सने आग्फाच्या जुन्या कागदाच्या धर्तीवर नवा कागद काढला आणि २०१५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मार्ली इथलं इलफर्डचं मध्यम आकाराचं लेपयंत्र विकत घेतलं. अमेरिकेत मायकेल स्मिथ आणि पॉला चॅमली हे जोडपं मोठ्या निगेटिव्हवरून थेट कागदावर ठसे घेत असे. कोडॅकचा अ‍ॅझो कागद गेल्यावर त्यांनी लोडिमा नावाचा कागद स्वतःच्या जिद्दीवर बनवून घेतला. इंग्लंडमधली इलफर्ड तिथल्याच व्यवस्थापकांनी २००५मध्ये हाती घेतली. चेशरमधल्या मोबरलीच्या कारखान्यात आजही मल्टिग्रेड बनतो. चेक देशातली फोमा १९२१पासूनची, तीही टिकून आहे.

गेलेलं सगळंच जसंच्या तसं परतावं, असंही नाही. आग्फाच्या पोर्ट्रिगा आणि रेकॉर्ड रॅपिड या कागदांच्या देखण्या उबदार छटेमागे कॅडमियम होतं. ते विषारी म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढलं गेलं, आणि त्या छटेसाठी अनेक छायाचित्रकार हळहळले. त्यांची हळहळ समजू शकते, पण कारखान्यातल्या माणसाच्या मूत्रपिंडांपेक्षा ती छटा मोठी नाही.

प्लॅटिनमचा कागदही असाच एकदा गेला होता. पहिल्या महायुद्धात धातूचे भाव भडकले, तयार कागद मिळेनासा झाला आणि इंग्लंडमधल्या फ्रेडरिक इव्हान्ससारख्या कसबी माणसाने छायाचित्रणच सोडलं. साठच्या दशकात छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांना तो पुन्हा हाती धरता आला, कारण प्लॅटिनमचं द्रावण साध्या खोलीत मंद उजेडात ब्रशने कागदावर फासता येतं. एन्लार्जरच्या प्रकाशाला पुरेल असं ब्रोमाइडचं इमल्शन तसं सहज घरी जमत नाही. त्याला कारखाना लागतोच, लहान का होईना.

भारतात तो होता. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी उपक्रम १९६०मध्ये स्थापन झाला आणि १९६७मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. ‘इंदू’ हे त्याच्या मालाचं नाव देशभरातल्या स्टुडिओंना परिचयाचं होतं. पुढे ही कंपनी आजारी ठरली आणि काम थांबलं. आज इथल्या विद्यार्थ्याला डार्करूम शिकायची तर आयात कागद घ्यावा लागतो. एका पानाच्या चार पट्ट्या कापून चाचणी घेतानाही पैशांचा विचार करावा लागतो.

उटीला पुन्हा यंत्रं फिरतील, असं मानायला आधार नाही. पण तिथे इमल्शन शिजवलेली, अंधारात लेप तपासलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. जिलेटिन किती तापवायचं, खेप बिघडतेय हे कशावरून ओळखायचं, पावसाळ्यात काय वेगळं करावं लागे, हे त्यांना विचारून ध्वनिमुद्रित करायला कारखाना लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या छायाचित्रण किंवा रसायनशास्त्र विभागाने दोन-तीन विद्यार्थी निलगिरीत पाठवले तरी हे काम सुरू होईल, आणि ते याच वर्षी व्हायला हवं.