झीज आणि भंग

निपाणीत आमच्या पेंटरकडे गाडी नेली की तो आधी एकच विचारतो, "रंग मारायचाय, का काम करायचंय?" रंग मारायचा म्हणजे गाडी धुवायची, गंजाच्या फोडांवर पुट्टी थापायची आणि स्प्रे गननं वरून पांढरा हात फिरवायचा. दोन दिवसांत गाडी शोरूममधून आणल्यासारखी दिसते. काम करायचं म्हणजे जुना रंग लोखंड दिसेपर्यंत घासायचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, रेड ऑक्साइड द्यायचं, पुट्टी भरून ती वॉटर पेपरनं परत घासायची, मग सरफेसर आणि शेवटी रंग. याला वेळ लागतो आणि पैसेही कितीतरी जास्त. माळकरी माणसाला तिसराही एक रस्ता मोकळा असतो, काहीच न करण्याचा. देह तिथं नाशिवंत, तर पिकअपचं काय घेऊन बसलास, असं म्हणणारे आमच्या भजनी मंडळात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही.

गाडी २००९ची महिंद्र पिकअप. निपाणी चिक्कोडी आरटीओखाली येत असल्यानं पाटी केए-२३. थोरल्या भावानं आणि मी मिळून घेतली. तंबाखूची पोती, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जाणारा गूळ, बेळगावला जाणारी कोबी-मिरची आणि येताना खत, असं या हौद्यातून वाहिलं. गाडीला सगळ्यांत जास्त खाल्लं ते खतानं. फाटक्या पोत्यातला युरिया-पोटॅश पत्र्याच्या सांध्यात बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंडाला आतून लागतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फोडासारखा वर येतो. फोड दिसायला लागतो तोवर खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं.

पण या गाडीवर गंजाखेरीज आणखीही काही आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाताना गावाचा शिधा आणि भांडी हिच्यातूनच जातात, कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेलाही ही असते. तिथला भंडारा हौद्याच्या नटबोल्टांच्या खाचांत असा बसलाय की किती पावसाळे गेले तरी पिवळेपणा हटत नाही. फाळक्यावर हालसिद्धनाथाचं नाव मराठीत आहे आणि बोनेटवर यल्लम्माचं कन्नडमध्ये, कारण वहिनींचं माहेर गोकाककडचं. आणि ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या खालच्या कडेला, जिथं दादा उजवं कोपर टेकवून घाट चढायचा, तिथला रंग पार उडून पत्रा गुळगुळीत झालाय. दादा आता नाही.

म्हणजे रंगवायला घ्यायचं तर हे सगळं घासून जाणार.

त्यात एक एजंट येऊन गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. नुसता रंग मारा, खाली काय आहे ते कोण बघतंय, किंमत वाढवून देतो. आमच्या शेजारी लिंगायत कुटुंब आहे, त्यांच्या घरात बसवण्णांची वचनं रोज म्हटली जातात. अंतरंगशुद्धी आणि बहिरंगशुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, चोरी न करणं आणि खोटं न बोलणं यातच दोन्ही आल्या, हे बसवण्णांनी बाराव्या शतकात याच कन्नड मुलखात सांगितलं. एजंटचा रंग हा बहिरंग अंतरंगाच्या विरुद्ध उभा करणारा रंग. उद्या घेणाऱ्याच्या पोराच्या पायाखालचा पत्रा तवंदी घाटात निसटला, तर त्या पांढऱ्या रंगाचा जबाब मला द्यावा लागेल. त्याला मी दारातूनच वाटेला लावलं.

एजंटला नाही म्हणणं सोपं होतं. मंडळातल्या लोकांना उत्तर देणं अवघड, कारण ते वैराग्याच्या बाजूनं बोलतात. गीतेतल्या जीर्ण वस्त्रांचा दाखला ते हमखास देतात. पण गीतेत माणूस जीर्ण वस्त्र टाकतो, एवढाच दृष्टांत आहे. अंगावर आहे तोवर ते धुऊ नका, उसवलं तर शिवू नका, असं कुठं म्हटलेलं नाही. आणि हीच माणसं खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, बोनेटवर हळदकुंकू वाहून हात जोडतात. ज्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, त्याला उरलेलं वर्ष गंजत ठेवायचं, याला वैराग्य म्हणायला माझं मन तयार नाही. आपण ज्याचे उपकार घेतले त्याची निगा राखायची टाळाटाळ आहे ती.

आमचा संप्रदाय ज्याच्या पायाशी उभा आहे त्या विठोबाचंच बघा. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायची मुभा आहे आणि त्या स्पर्शानंच पाय झिजतात. म्हणून मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. हल्ली पुरातत्त्व खात्याचे जाणकार आधुनिक रसायनांनी तो करतात, पण कल्पना फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वज्रलेपावर वेगळा अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी आणि कवठं, सावरीची फुलं, काही बिया आणि साली पाण्यात उकळून काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल मिसळायचे आणि गरम असतानाच मूर्तीला, भिंतीला, देवळाच्या बांधकामाला लावायचा. पेंटरला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातला ब्रश खाली ठेवून सगळं दोनदा ऐकलं. राळ आणि जवस ऐकून म्हणाला, "हे तर आमचंच काम की." मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. ज्यांनी जगाला नाशिवंत म्हटलं, त्यांनीच नाश लांबवायचा लेप कसा शिजवायचा तेही लिहून ठेवलं. दोन्हीमध्ये त्यांना विसंगती वाटली नाही.

जगन्नाथपुरीला तर रंग हा देवाच्या वर्षाचाच भाग आहे. तिथले देव लाकडाचे. ज्येष्ठ पौर्णिमेला त्यांना १०८ घागरींनी स्नान घालतात, रंग उतरतो, देवांना ताप आला असं मानून पंधरवडाभर दर्शन बंद ठेवतात. आत औषधोपचार होतात, नवा रंग चढतो आणि रथयात्रेआधी देव नवयौवनात दर्शन देतात. उतरलेल्या रंगाची तिथं कोणाला लाज नाही आणि नव्या रंगाला कोणी फसवणूक म्हणत नाही. काही वर्षांनी तर लाकूडच बदलतात. २०१५ साली ते झालं. त्याच साली कोल्हापूरला अंबाबाईच्या मूर्तीवर रासायनिक संवर्धन झालं. मूर्तीला हात लावण्याआधी कलाकर्षण विधीनं देवीचं तत्त्व कलशात घेतलं होतं. त्या दिवसांत मी गूळ घेऊन यार्डात जायचो तेव्हा देवळात जाऊन यायचो. गाभाऱ्यातल्या देवीसमोर उभं राहायची सवय असलेली माणसं बाहेर कलशापुढं तितक्याच मनानं हात जोडत होती. पुढं मूर्तीच्या घडणीवरून वाद झाले, अजूनही होतात. पण तत्त्व बाजूला काढून ठेवता येतं आणि मग शरीराची डागडुजी करता येते, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

गाडीला असा कलश कुठला आणायचा?

याचं उत्तर पेंटरनंच दिलं, आणि तेही माझ्या परंपरेबाहेरून. तो बौद्ध आहे. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीत परिषदेला आले होते, त्या सभेला त्याचा पणजोबा गेला होता असं त्यांच्या घरात सांगतात. विहारात ऐकलेली मिलिंद राजाची गोष्ट त्यानं मला दार घासता घासता सांगितली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला. तो रथातून भिक्खू नागसेनाकडे आला. नागसेनानं त्याला विचारलं की दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. शेवटी निघालं ते हे, की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारात रथ म्हणतो, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही.

मी आत्मा मानणारा, तो न मानणारा, पण पिकअपबाबत मला नागसेनाचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. आणि ते मान्य केलं की माझ्या मंडळातल्या लोकांच्या अगदी उलट टोकाला माणूस पोचतो. गाडीत जुळणीखेरीज काही नसेल, कलशात काढून ठेवावं असं काही नसेल, तर मग ती जुळणी सांभाळणं एवढीच तिची सेवा उरते. देवाचं शरीर झिजलं तरी देव उरतो. गाडीचा पत्रा गेला की गाडी गेली. सरकारही तिला ओळखतं ते चासीवर ठोकलेल्या नंबरानं. चासी सडली तर नुसत्या नावाची गाडी उरते.

तरीही दादाच्या कोपराच्या जागेशी येऊन मी अडलो. वहिनींना विचारल्याशिवाय तिथं वॉटर पेपर लावायचा नाही हे मी ठरवलं होतं. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. पुतणीच्या लग्नाआधी त्यांनी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक सोनाराकडे उजळायला नेले होते. "देव उजळायला दिले तेव्हा कुणी म्हटलं का, सासूबाईंच्या हातचं कुंकू निघून जाईल म्हणून?" त्या म्हणाल्या. "झिजलेला टाक उजळायचा. फारच झिजला तर मोडून त्याच चांदीत नवा घडवायचा. आणि भंगला तर पाण्यात सोडायचा. तुमची गाडी झिजलीय का भंगलीय, ते बघा आधी. आणि ह्यांच्या जागेला गंज लागू देऊ नका."

झिजलेलं पूजेत चालतं, भंगलेलं चालत नाही, हे आपल्या घराघरांत माहीत असतं. शाळिग्राम तेवढा अपवाद, तो भंगला तरी पूजेतच राहतो. पण हा भेद गाडीला लावायचं मला सुचलं नव्हतं आणि तो लावल्याबरोबर प्रश्न उलगडला. वापरानं, स्पर्शानं, उन्हापावसानं जे कमी होतं ती झीज. तिच्यात लाजण्यासारखं काही नाही आणि तिच्यावर नवा रंग चढवण्यात खोटेपणा नाही. भार पेलण्याची ताकद गेली तो भंग. त्याच्यावर रंग चढवणं हे पाप, मग तो कितीही सुंदर असो. एजंटला दोन्हींत फरक करायचा नव्हता. माझ्या भजनी मंडळालाही करायचा नव्हता, त्यांना सगळंच नाशिवंत म्हणून एका पोत्यात भरायचं होतं.

रंगावरून एक आठवण इथंच नोंदवतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना रंग फासला. त्या दिवसांत केए-२३ पाटी आणि मराठी फाळका घेऊन मला दोन्ही बाजूंना गाडी न्यायचा धीर झाला नाही. तेव्हा काहींनी सुचवलं की एक नाव पुसून टाक, निदान एका बाजूला तरी बिनघोर जाशील. भीतीपोटी पुसलेलं नाव मला भंगात जमा वाटतं. म्हणून आता पेंटरला सांगितलंय की फाळक्यावर मराठी आणि बोनेटवर कन्नड, दोन्ही नावं होती तशीच, त्याच मापात परत काढायची. त्यानं जुन्या अक्षरांचे छाप कागदावर घेऊन ठेवलेत.

गाडी रॅम्पवर चढवून त्यानं चासी टोकापासून टोकापर्यंत हातोडीनं ठोकून बघितली. दोन्ही उभ्या पट्ट्यांचा आवाज खणखणीत आहे. मागच्या पाट्याजवळ एका ठिकाणी बद्द वाजलं, तिथं कापून नवा तुकडा जोडावा लागेल. हौद्याचा तळ सगळाच बदलायचा, खतानं तो चाळणीसारखा केलाय. बाकी झीज आहे. कोपराच्या जागेवर नुसतं पारदर्शक लॅकर मारून ती तशीच दिसती ठेवता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, उघड्या लोखंडावर प्रायमरशिवाय लॅकर धरत नाही, दोन पावसाळ्यांत सुटेल आणि खालून गंज धरेल. म्हणून तिथंही घासणं, रेड ऑक्साइड आणि वर रंग. आरसीवर पांढरा नोंदलाय, तोच ठेवायचा. पाऊस उघडल्याशिवाय स्प्रे मारायचा नाही, नाहीतर ओलावा आत अडकतो. तेव्हा पितृपक्षात वेल्डिंग, घटस्थापनेनंतर रंग, आणि दसऱ्यानंतर पासिंग.