नाही म्हणणारी भिंत

आमचे एक स्नेही चौतीस वर्षांची सरकारी चाकरी आटोपून निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या चित्रांचे एक संकेतस्थळ उघडले. बदल्यांच्या निमित्ताने शिलाँग, जबलपूर, कटक, दिल्ली अशी भ्रमंती झालेली, आणि प्रत्येक बदलीच्या सामानात जलरंगांची पेटी ठरलेली. चित्रकला त्यांना नवी नव्हती. ती चारचौघांपुढे मांडणे मात्र सर्वस्वी नवे होते. संकेतस्थळाचा पत्ता पाठवून त्यांनी खाली लिहिले, "पहिलाच प्रयत्न आहे. काय सुधारावे, ते निःसंकोच कळवावे." या 'निःसंकोच' शब्दाइतका संकोचात टाकणारा शब्द मराठीत दुसरा नसावा.

'संकेतस्थळ' हा शब्द यंत्रयुगाने नव्या अर्थाने रूढ केला खरा. परंतु संस्कृत काव्य वाचलेल्यास तो ऐकताच प्रेमिकांच्या भेटीची ठरलेली जागा आठवते. चित्र आणि पाहणारा यांची भेट व्हावी म्हणून उघडलेल्या जागेस हे नाव शोभतेही. आमच्या स्नेह्यांच्या जागी मात्र ही भेट दुरापास्त होती. पान उघडताच संतूरवादन सुरू होई. गडद निळ्या पार्श्वभूमीवर 'सुस्वागतम्' ही पिवळी अक्षरे उजवीकडून डावीकडे सरकत. त्याखाली एकशे सदतीस चित्रे, एकाखाली एक. प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर काढून जसाच्या तसा चढविलेला, चार हजार पिक्सेल रुंद आणि पाच पाच मेगाबाइट वजनाचा; त्यामुळे चित्र दिसण्यापूर्वी संतूरची गत संपे. बहुतेक फोटो काचेसकट, ट्यूबलाइटखाली घेतलेले. एका निसर्गदृश्यात तर डोंगरामागून खुद्द चित्रकाराचा चष्मा उगवलेला दिसत होता. आणि चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चित्राच्या छातीवर आडवे नाव.

आम्ही दोन पानी उत्तर लिहिले. संगीत काढावे, सरकणारी अक्षरे थांबवावी, पार्श्वभूमी फिकी व शांत ठेवावी. चित्र चौकटीतून काढून, खिडकीशी, पण थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात फोटो घ्यावा. लांब बाजू दोन हजार पिक्सेलपर्यंत आणावी. पडद्यावर पाहण्यास तेवढी पुरते. प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार आणि वर्ष लिहावे, कारण पडद्यावर टपालाचे तिकीट आणि भित्तिचित्र एकाच मापाचे होऊन बसतात. सल्ला रास्त होता. मांडणी ही वरवरची गोष्ट आहे, असे आम्ही मानीत नाही. व्हिस्लरने १८८३ साली लंडनमध्ये आपल्या मुद्राचित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा सारे दालन पांढऱ्या व पिवळ्या रंगांत सजविले. दारावरच्या सेवकाचा पोशाखही त्याच रंगांचा. लोकांनी थट्टा केली, पण चित्राभोवतीची जागा हीसुद्धा चित्रकाराची जबाबदारी आहे, हे त्याला नेमके कळले होते.

तरीही पत्र धाडल्यावर आम्हांस स्वस्थता लाभली नाही. दोन पानांत चित्रांविषयी एक अक्षर नव्हते.

ज्यांची वर्षे कचेरीत गेली, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. हाताखालच्या माणसाने मोठ्या कष्टाने मसुदा तयार केलेला असतो. त्यातील मूळ प्रस्तावच आपणांस पटत नाही, पण तसे म्हणण्याचे धैर्य नसते. मग आपण स्वल्पविराम दुरुस्त करतो, 'तथापि'च्या जागी 'परंतु' घालतो आणि सही करतो. मसुदा तपासल्याचे पुण्य पदरी पडते, अप्रिय बोलण्याचे पापही टळते. लिहिलेले एकही अक्षर असत्य नसते, आणि तरी समोरच्याची फसवणूक झालेली असते; कारण तो समजतो, की बाकी सर्व ठीक आहे.

एकशे सदतीसांपैकी बहुतेक चित्रे कॅलेंडरांवरून उतरविलेली होती: हिमशिखरे, उधळलेले घोडे, तळ्यातला सूर्यास्त. हात कसलेला, पण डोळा दुसऱ्याचा. परंतु अगदी तळाशी अकरा लहान चित्रे होती, आणि ती सगळी सरकारी निवासस्थानांची. कटकच्या ओसरीवर वाळत ठेवलेली छत्री. बदलीच्या आदल्या रात्री दोरखंडाने बांधलेल्या ट्रंका. नव्या घरातली, अजून पडदा न लागलेली खिडकी. ही दृश्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती पाहण्याजोगी आहेत, असे कोणास वाटले नव्हते. स्नेह्यांनाही ती किरकोळ वाटली असावीत. ही अकरा उत्तम आहेत, हे म्हणणे तसे सोपे. पण ते म्हणताच उरलेल्या एकशे सव्वीसांविषयीचे मत आपोआप सांगितले जाते. आम्ही तेथे कचरलो.

पूर्वी हे अप्रिय काम भिंत करीत असे. दिल्लीत रफी मार्गावरील ऑल इंडिया फाइन आर्ट्स अँड क्राफ्ट्स सोसायटीचे दालन घ्यायचे, तर भिंतीची लांबी मोजावी लागते, चौकटींचा आणि भाड्याचा हिशेब मांडावा लागतो. तीस चित्रे मावतात, बाकीची घरी राहतात. कोणती घरी राहावीत, हा झगडा चित्रकाराने रात्री एकट्याने करायचा. भिंतीवर राग धरता येत नाही. तिच्याशी घरोबाही नसतो. संकेतस्थळास भिंत नाही. ते कशालाच नाही म्हणत नाही. म्हणून ते म्हणण्याचे काम माणसांवर येऊन पडले, आणि माणसे स्वल्पविराम दुरुस्त करीत बसली.

यावर कोणी विचारील, निवड करणारे तुम्ही कोण? प्रश्न गैरलागू नाही. १८६३ साली पॅरिसच्या सलोंच्या परीक्षकांनी हजारो कलाकृती नाकारल्या, तेव्हा इतका गहजब झाला, की तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवविले. त्यात माने याचे गवतावरील भोजनाचे चित्र होते. लोक त्याला हसले, आणि आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात मानाने विराजमान आहे. परीक्षक चुकतात; आम्हीही चुकू. परंतु परीक्षकाच्या हाती दार असते, स्नेह्याच्या हाती नसते. त्याला केवळ काय दिसले, एवढेच विचारलेले असते. निवाडा देण्याचे नाकारता येईल. पण मागितलेली साक्ष दडवून ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोठून मिळाला? पुढचे चित्रकाराने ठरवावे. जॉर्ज रुओ या फ्रेंच चित्रकाराने व्होलार या चित्रविक्रेत्याच्या वारसांशी न्यायालयात भांडून आपली अपुरी चित्रे परत मिळविली, आणि १९४८ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, त्यांपैकी ३१५ जाळून टाकली. इतका कठोरपणा आम्ही कोणास सुचविणार नाही. पण तो त्याचा स्वतःचा होता, दुसऱ्याने लादलेला नव्हता.

इकडे स्नेह्यांनी तीन आठवड्यांत आमची प्रत्येक सूचना अमलात आणली. जन्मभराची शिस्त! संगीत थांबले, चष्मा मावळला, चित्रे स्वच्छ दिसू लागली. आणि तीच पंचाईत झाली. निळ्या अंधारात जे खपत होते, ते उजेडात खपेना. महिनाभराने त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या कृपेने सगळे निर्दोष झाले. पण आता कोणी काही बोलतच नाही हो. पूर्वी निदान ते गाणे बंद करा, असे तरी म्हणत."

त्या रात्री आम्ही जे पहिले असावयास हवे होते, ते दुसरे पत्र लिहिले. अकरा चित्रांचे क्रमांक, प्रत्येकात आम्हांस काय दिसले ते, छत्रीच्या टोकाशी साचलेल्या पाण्याचा करडा रंग. आणि मग तसे काही इतरांत का दिसले नाही, तेही. मऊ विशेषणे तीनदा घातली, तीनदा खोडली.

उत्तर आले नाही. दिवाळीच्या शुभेच्छा दरवर्षी त्यांच्याकडून आधी येत. या खेपेस आम्हीच पाठविल्या. 'आभार' एवढा एक शब्द परत आला.

परवा ते पान पुन्हा उघडले. आता तेथे बारा चित्रे आहेत. अकरा आम्ही कळविलेली, आणि बारावे तळ्यातल्या सूर्यास्ताचे. त्याखालीही माध्यम, आकार आणि वर्ष व्यवस्थित लिहिले आहे, आणि पुढे कंसात: 'सौ.च्या आग्रहावरून'.