मोकळी जागा

आंतरमहाविद्यालयीन सामना दोन गुणांनी हरून भाचा रात्री थेट माझ्याकडे आला. घरी गेला असता तर आईनं काही न विचारता ताट वाढलं असतं. पण मी सामना पाहिला होता, म्हणून तो माझ्याकडे आला. पंचवीस वर्षांपूर्वी मीही विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, आणि त्याच्यासारखीच पाचांतली पाचवी होते. खेळ आखला जायचा तो दुसरीसाठी. माझ्याकडे बॉल आला तर आला.

"शेवटचा बॉल मी घालवला," तो म्हणाला. "आत शिरायलाच नको होतं. सगळे तेच म्हणतायत."

"शेवटच्याचं नंतर बघू. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तू दोनदा थ्रीच्या रेषेबाहेर एकटा उभा होतास. दोन्ही वेळा बॉल हातात आला. मारला का नाहीस?"

"एकटा होतो म्हणूनच."

मी काहीच बोलले नाही, तेव्हा तोच पुढे म्हणाला, "मला त्यांनी मुद्दाम सोडलं होतं, आत्या. त्यांचे कोच ओरडत होते, त्याला मारू दे म्हणून. मग मी मारला असता तर त्यांच्याच मनासारखं झालं असतं. म्हणून मी आत शिरलो."

या उत्तरात अपमान होता आणि विचारही होता, त्यामुळे ते मला सहज मोडून काढता येईना. मी त्याला 2015 च्या एनबीएमधल्या मेम्फिस आणि गोल्डन स्टेटच्या मालिकेची आठवण करून दिली. मेम्फिस 2-1 नं पुढे होतं. टोनी अ‍ॅलन त्यांचा बचावाचा वाघ, पण लांबून मारणारा नव्हे. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटनं त्याच्यावर नावापुरता ठेवला तो अँड्र्यू बोगट, सात फुटी सेंटर. बोगट त्याच्याजवळ फिरकलाच नाही, रिंगखाली तळ ठोकून बसला. अ‍ॅलनचे शॉट चुकत गेले, शेवटी त्याला बाहेर बसवावं लागलं, आणि मालिका गोल्डन स्टेटनं जिंकली.

"बघ! म्हणजे माझंच बरोबर. मारला आणि फसला."

"मग त्यानं आत शिरायला हवं होतं?"

"हो."

"बोगट कुठे उभा होता?"

तो गप्प झाला. मी टेबलावरचा मिठाचा डबा रिंग म्हणून ठेवला आणि त्याच्यापुढे वाटी उभी केली. "तुझ्या आणि डिफेन्डरच्या मध्ये पंधरा फूट मोकळे आहेत. ही जागा त्यानं सोडली आहे. तू ड्रिबल करत आत गेलास की ती जागा तूच संपवतोस. जे अंतर तोडून यायला तो तयार नव्हता, ते तू त्याच्यासाठी तोडून देतोस. तो धावत अंगावर आला असता तर गोष्ट वेगळी. धावत येणाऱ्याचे पाय जमिनीवर स्थिर नसतात. एक खोटा हात दाखवायचा, तो हवेत जातो आणि तू त्याच्या बाजूनं निघतोस. ड्राइव्ह त्या वेळेसाठी आहे. जागच्या जागी उभ्या असलेल्या माणसावर चालून जाण्यासाठी नाही."

"पण आत्या, माझे तिनातले दोन चुकतात."

"शंभरातले किती जातात?"

"प्रॅक्टिसमध्ये चौतीस-पस्तीस."

"चौतीस धरू. 34 त्रिक 102. दोनाच्या शॉटनं 102 करायचे तर शंभरातले 51 जायला हवेत. आत शिरून, अंगावर दोघं घेऊन, तुझे 51 जातात?"

"फाउल मिळतात की."

"तेही धर. मग हातातून निसटलेले बॉलही धर."

त्यानं मनात हिशेब केला, आणि तो त्याला आवडला नाही हे तोंडावर दिसलं. मग त्यानं जे विचारलं, त्यावर मी अजून विचार करते आहे. "शंभर कुठे मिळतात गं मला? सामन्यात चार मिळतात. शंभरांचा हिशेब त्या चारांना कसा लावायचा? समोर असतो तो एकच शॉट, आणि तो जातो नाहीतर चुकतो. चौतीस टक्के जात नाही."

हा प्रश्न बास्केटबॉलपेक्षा मोठा आहे. डॉक्टरला, शेतकऱ्याला, लेकीचं लग्न ठरवणाऱ्या बापाला तो पडतो. अनुभव शंभरांचा असतो, निर्णय एकाचा. मी त्याला म्हटलं, "चार तुझे असतील, पण शंभर टीमचे आहेत. तू मारला नाहीस, त्याचं नुकसान तुला झालंच नाही. तुझा डिफेन्डर तुला सोडून कॅप्टनच्या वाटेत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टन दर वेळी दोघांवर आदळत होता, ते पाहिलंस? चुकलेला शॉट स्कोअरबुकात तुझ्या नावावर लागतो. न मारलेला कुणाच्याच नावावर लागत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो."

"म्हणजे न मारणं हा भित्रेपणा?"

"नेहमी नाही." आणि मी त्याला होरेस ग्रँटची गोष्ट सांगितली, कारण ती मला वर्षानुवर्षं सुटलेली नाही.

1993 ची फायनल, सहावा सामना. शिकागो फिनिक्सच्या मैदानावर दोन गुणांनी मागे. चौथ्या क्वार्टरमध्ये तोवर शिकागोचे नऊच गुण झाले होते, आणि नऊच्या नऊ जॉर्डनचे. बाकी कुणाला काही सापडतच नव्हतं. शेवटच्या सेकंदांत बॉल जॉर्डनकडून पिपेनकडे आणि पिपेनकडून ग्रँटकडे गेला. ग्रँट रिंगच्या अगदी जवळ. सबंध सामन्यात त्याचा एक गुण. त्यानं मारला नाही, बॉल बाहेर पॅक्सनला दिला. पॅक्सननं थ्री मारला, 3.9 सेकंद बाकी, शिकागो 99-98.

आता 2021. फिलाडेल्फिया आणि अटलांटा, सातवा सामना, जवळपास साडेतीन मिनिटं बाकी. बेन सिमन्स रिंगखाली पोचला. समोर फक्त ट्रे यंग, त्याच्याहून कितीतरी बुटका. सिमन्सनं मारला नाही, थायबुलला दिला. थायबुलवर फाउल झाला, दोन फ्री थ्रोंपैकी एक गेला. फिलाडेल्फिया हरलं, आणि तो एक पास सिमन्सच्या नावाला कायमचा चिकटला.

"कृती एकच," मी म्हटलं. "रिंगखाली आला, मारला नाही, पास दिला. एकाला आपण शहाणा म्हणतो, दुसऱ्याला भित्रा. का?"

"एक जिंकला, एक हरला."

"तेवढंच असेल तर आपण दोघंही उठून झोपलेलं बरं."

तो हसला नाही. बराच वेळ वाटीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पॅक्सनवर कोण होतं?"

"एन्ज. तो पॅक्सनला सोडून आत ग्रँटकडे सरकला होता."

"मग ग्रँटनं माणूस ओढून घेतला आणि त्या माणसानं सोडलेली जागा पॅक्सनला दिली. सिमन्सनं स्वतःची मोकळी जागा सोडली आणि थायबुलला गर्दी दिली."

मी हे त्याला शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच दिसलं. मी एवढीच भर घातली की सिमन्सनं त्या प्लेऑफमध्ये 73 फ्री थ्रोंपैकी 25 च घातले होते. आत गेलं की कुणीतरी फाउल करणार आणि मग सगळ्या प्रेक्षागृहासमोर एकट्यानं रेषेवर उभं राहावं लागणार, हे त्याला माहीत असणार. म्हणजे लांबून मारायची भीती वाटते म्हणून आत शिरणाऱ्याला आतही तीच भीती भेटते. ग्रँट मात्र पास देऊन थांबला नाही. फिनिक्सचा अखेरचा शॉट केव्हिन जॉन्सननं घेतला, तो अडवणारा हात ग्रँटचाच होता.

"तुझे आजोबा पेटीची साथ करायचे," मी म्हटलं. "गाणारा श्वास घ्यायला थांबतो, तेव्हा साथीदारानं ती जागा भरायची असते. भरली नाही तर गाणाऱ्याला थंड पडलेला सूर पुन्हा तापवावा लागतो. आणि तिथे स्वतःचंच गाणं सुरू केलं तर तो दरोडा."

"पण आत्या, आजोबांचा सूर चुकला तर मैफल दोन गुणांनी हरत नव्हती."

बरोबर होतं त्याचं. साथीदाराच्या चुकीला इथे किंमत जास्त आहे, आणि ती मोजून भिंतीवर लिहिली जाते. मी उपमा मागे घेतली.

"मग ठरवायचं कधी?" त्यानं विचारलं. "बॉल हातात आल्यावर अर्धा सेकंद मिळतो."

"हातात आल्यावर विचारलंस तर उशीर झालेला असतो. 1997 च्या फायनलमध्ये स्टीव्ह करनं आधीच्या टाइमआउटमध्येच जॉर्डनला सांगून ठेवलं होतं की स्टॉक्टन मला सोडून आला तर मी तयार आहे. तसंच झालं, करनं फ्री थ्रोच्या रेषेजवळून मारला आणि शिकागो जिंकलं. अठरा वर्षांनी टोनी अ‍ॅलनला मोकळं सोडणाऱ्या गोल्डन स्टेटचा कोच हाच कर. मोकळ्या माणसाच्या मनात काय चालतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?"

बॉल हवेत असतानाच आपल्या माणसाचे पाय बघायचे. तो थांबला असेल तर मारायचं, धावत येत असेल तर त्याच्या बाजूनं निघायचं. नेस्मिथनं 1891 मध्ये हा खेळ मांडला तेव्हा बॉल घेऊन पळायची मुभाच नव्हती. मिळाला तिथूनच टाकायचा. त्या पोरांना हा पेच नव्हता. आपल्याला आहे, कारण आपल्याला पाय दिले गेले.

एव्हाना साडेअकरा वाजले होते. त्याला भूक लागली आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी भात गरम करायला उठले, तेव्हा तो मागून म्हणाला, "शेवटच्याचं राहिलं."

"शेवटच्या वेळी काय झालं? तूच सांग."

"मी कॉर्नरला होतो. कॅप्टननं पास दिला. त्यांचा चौदा नंबर..." तो थांबला. "धावत आला. हात वर करून. मी खोटा हात दाखवला, तो उडाला. मी बेसलाइननं आत गेलो. मग मदतीला आलेल्यानं हातातून बॉल काढला."

"मग आत शिरलास ते बरोबरच होतं."

"पण बॉल गेला, आत्या."

"हो," मी म्हटलं. "गेला."